तुझा थांबा किती मात्रांचा, उकर्ड्या?

उकर्ड्या,

कापसाखाली माणूस मरतो हे मला अजून पटत नाही. दगडाखाली मरतो, विहिरीत मरतो, साप चावून मरतो, पटकी आली की गावंच्या गावं जातात. पण रुईखाली? जी फुंकर मारली तर उडते, जिची गादी करून आपण निजतो, तिच्याखाली? आज नऊ दिवस झाले. सकाळी उठतो, तोंड धुवायला बसतो, आणि मध्येच ते पुन्हा नव्याने कळतं. हातातला तांब्या तसाच राहतो. काल तर मी तुझ्या घराच्या वळणावर उभा राहून तुला हाक मारली. खरंच मारली, नेहमीसारखी, शिवी घालून. शेजारच्या म्हातारीने दारातून डोकं काढून असं पाहिलं की मी मान खाली घालून परत फिरलो.

लोक काय बोलतात ते तुला सांगायला हवं. अमरावतीच्या ज्या आवारात तू कापसाचे बोरे तुडवायला जायचास, तिथे म्हणतात, ‘नाच्या होता तो, सोंग करता करता गेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती अशी.’ आपल्या गावातही तेच चाललंय. आणि मी, जो त्या दुपारी तिथे होतो, ज्याला खरं काय झालं ते ठाऊक आहे, तो तोंडाला कुलूप घालून बसलोय. उद्या तुझा दहावा. गावचे जोशी म्हणून वडील जायचे, पण त्यांचे गुडघे धरलेत, म्हणून मंत्र सांगायला ते मला पाठवताहेत. भागीवैनीसमोर बसून, तुझं नाव घेऊन, पिंड ठेवायला मी सांगायचं. तुझ्या बायकोला खरं सांगितल्याशिवाय मला ते जमणार नाही, आणि तिला सांगायला तोंड उघडत नाही. म्हणून आधी तुला लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे जरा धीर येतो.

तुझ्या आधीची तीन भावंडं गेली होती, म्हणून तू जन्मल्याबरोबर तुझ्या आईने तुला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव उकर्डा पाडलं. यमाला वाटावं, टाकून दिलेला माल आहे, याला काय न्यायचं. तीस वर्षं तो फसला की रे.

मी तुझ्याकडे आलो तो चिडूनच. आठवतं? पोळ्यानंतर गावात दंडार बसायची. पुरुषांनी लुगडी नेसायची, पायांत चाळ बांधायचे, ढोलकीवर नाचायचं. त्यात पुढच्या बाईचं सोंग तुझं. जोशाचा मुलगा म्हणून मला लांब बसून पाहायची परवानगी होती. एकदा मी म्हणालो, एवढं काय अवघड आहे त्यात? तू लगेच म्हणालास, “ये नं मंग, बामना. नाचता येईना अंगण वाकडं म्हनशीन, म्हनून तुले मी अंगनात नाई, वावरात शिकवतो.”

आणि खरंच भर पावसाळ्यात नांगरलेल्या काळ्या मातीत मला उभं केलंस. डोक्यावर भरलेली घागर. चार पावलं टाकली की प्रत्येक पायाला शेरभर माती, दहा पावलांत मी हत्ती झालो. तू बांधावर बसून हसत होतास. “माती सोडवून घे पायाची, पर कमरेले कळू देऊ नको. पानी आनाले जाते ते बाई अशीच चालते. तिले कोनी शिकवलं?” मी तीनदा पडलो. घरी जाऊन वडिलांना सांगितलं की बैल उधळला होता. तुझ्या त्या शिकवण्याबद्दल मी तुला कधी बरा शब्द बोललो नाही. आज बोलतो. त्या मातीतून पाय उचलायला शिकलो आणि आयुष्यात प्रथमच मला वाटलं की हे शरीर माझं आहे, फक्त जानवं अडकवायची खुंटी नाही.

मग मेळघाटच्या पायथ्याची ती फेरी. आवाराला खांबांसाठी सागाच्या बल्ल्या हव्या होत्या, तुझी गाडी भाड्याने लागली, आणि मी चांदूर बाजाराला मामांकडे जातो सांगून तुझ्या गाडीत बसलो. कोरकूंच्या वस्तीवर बायका एका रांगेत, एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफून नाचत होत्या. समोर पुरुषांचे ढोल. तू गेलास तो सरळ रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिलास आणि आपली दंडारीतली गिरकी घेतलीस. एका म्हाताऱ्या कोरकू बाईने तुझा कान धरला! तुझा, आमच्या पुढच्या सोंगाचा! तिची भाषा आपल्याला येत नव्हती, पण म्हणणं समजलं. इथे एकट्याने नाचायचं नसतं. तुला तिने दोघींच्या मध्ये घातलं आणि मला हात पुढे केला. मी मागे सरलो. विटाळ, प्रायश्चित्त, वडील, सगळं एकदम डोळ्यांपुढे. तू तिकडून ओरडलास, “तुहा धरम त्या झाडाले बांधून ठेव नं बे. जातानी सोडून घेऊ.” मी हात दिला. जाताना सोडून घ्यायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

परतीच्या वाटेवर तू म्हणालास, “त्या बायांत कोन चांगली नाचते हे सांगता येते का तुले? नाई येत. मंग त्या काहून नाचून राहिल्या?” मी काहीतरी विद्वत्तेचं उत्तर दिलं. ते मला आठवत नाही, तुझा प्रश्न आठवतो.

तोवर कापसाचं वेड सुरू झालं होतं. समुद्रापलीकडे अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथे आपसात लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्या उपाशी बसल्या, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. ज्वारीची वावरं गेली, जिकडे तिकडे कापसाची पराटी. अमरावतीच्या आवारात पूर्वी निम्म्या भिंतीला लागणारा रुईचा ढीग भिंतीच्याही वर गेला. तुडवणारे कमी पडायला लागले. जमिनीतल्या खड्ड्यात माणसाएवढा उंच बोरा टांगायचा, त्यात माणसाने उतरायचं, वरून रुई टाकत जायची आणि त्याने ती पायाने दाबत दाबत वर यायचं. इतर लोक तासाभरात दमायचे, तू मात्र ढोलकी मागायचास. “ते तिकडे लढून राहिले अन् आमी इकडे नाचून राहिलो,” असं तू म्हणालास, आणि तेव्हापासून आवारात ते सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आणि मी ऐन श्रावणात, दंडार तोंडावर आलेली असताना, अकोल्याला निघून गेलो. हे तुला लागलं, ठाऊक आहे मला. तू म्हणाला नाहीस, पण मला निरोप द्यायला गाडीपर्यंत आला नाहीस. अकोल्यात एका कलावंतिणीकडे एलिचपूरचे म्हातारे उस्ताद नाच शिकवायला येत, हे ऐकल्यावर मला घरात चैन पडेना. काकांकडे राहून नोकरी शोधतो, असं सांगितलं. उस्तादांच्या अर्ज-विनंत्या मी मोडीत लिहून द्यायच्या आणि त्यांनी मला मागल्या ओसरीवर पाय टाकायला शिकवायचं, असं ठरलं. पहिल्याच दिवशी त्यांनी काठीने माझ्या घोट्यावर टकटक केलं. “मियां, इतना पैर क्यूं उठाते हो? यहां कीचड़ नहीं है.” फरशीवर उभं राहूनसुद्धा मी तुझ्या वावरातली माती सोडवत होतो. मला हसू आलं, त्यांना राग आला. चार महिने मी पाय खाली ठेवायला शिकलो. सोळा मात्रांचं आवर्तन, त्यातली प्रत्येक मात्रा कुठे आहे हे झोपेतही ठाऊक असलं पाहिजे. नाचणारा थांबला तरी मोजणं थांबत नाही. “खामोशी भी गिनो,” म्हणायचे.

मला ते पटलं. अजूनही पटतं, आणि सगळा घात तिथेच झाला.

दंडारीत तुझी जी खास गोष्ट होती, तिला लोक तुझा थांबा म्हणायचे. ढोलकी चढत चालली आहे, तू गिरक्या घेतोयस, आणि समेच्या तोंडाशी एकदम दगड. हात अर्धा वर, मान वळलेली, पापणीसुद्धा हलत नाही. ढोलकीही गप्प. लोकांचा जीव टांगणीला. आणि मग कुणालाही अंदाज नसताना तुझा पाय पडायचा, चाळ वाजायचे आणि अख्खं गाव ओरडायचं. वावरातल्या त्या शिकवणीनंतर मीही दंडारीत उतरलो आणि घरची बोलणी खात तीन वर्षं तुझ्या डाव्या हाताला उभा राहून नाचलो. तुझा पाय पडला की आपला टाकायचा, एवढंच मला जमलं. तू कधी टाकणार हे कधीच कळलं नाही, आणि ते मला डाचायचं.

अकोल्याहून परत आलो ते ही बढाई घेऊनच. तुझ्या अंगणात, भागीवैनीने सकाळीच सारवलेल्या जमिनीवर मी तुला उस्तादांचे तोडे करून दाखवले. सारवण उखडलं, वैनी वैतागली आणि हसलीसुद्धा. तू खाटेवर बसून शेवटपर्यंत पाहिलंस. मग म्हणालास, “पाय लय सफाईचे झाले तुहे. पर तू नाचून नाई राहिला. तू मोजून राहिला.”

माझा पारा चढला. मी म्हणालो, “आणि तुझ्या थांब्याला काय हिशेब आहे रे? आज वीस मात्रा, उद्या तीस. मनाला येईल तेवढं उभं राहायचं आणि त्याला कला म्हणायचं!”

“लोकाईचा जीव वर येते, तवा मी पाय टाकतो.”

“थाप आहे. एक दिवस मोजून काढीन तुझा थांबा.”

“मोज नं,” तू म्हणालास. “तुह्या उस्तादाले बी बोलाव. सापडाचा नाई.”

हे आपलं शेवटचं भांडण. त्यानंतर आठ दिवस आपण बोललो ते बैलांविषयी आणि थंडीविषयी. मग तूच निरोप धाडलास की ढोलकी घेऊन आवारात ये, काम फार आहे, पाय जड झालेत. मला वाटलं, तह झाला.

आता ती दुपार सांगतो. पौषातलं ऊन अंगावर घेत मी ढिगाच्या अलीकडे भिंतीला टेकून ढोलकी वाजवत होतो. तू ढिगाच्या पलीकडे, खड्ड्यातल्या बोऱ्यात. तू मला दिसत नव्हतास, तुझे पाय ऐकू येत होते. धप, धप, धप. रुई टाकणारे म्हादबा आणि दुसरे दोघे पाणी प्यायला माझ्याकडे आले. तू पलीकडून म्हणालास, “प्या तुमी पानी. मी एवढं बसवतो.” मी ठेका धरला, तू त्यावर तुडवू लागलास. दोन आवर्तनं झाली. तिसऱ्याची सम येणार, आणि नेमका तिथेच तुझा पाय थांबला.

नेमका तिथेच, उकर्ड्या. दंडारीत थांबायचास त्याच जागी. एक मात्रा अलीकडे किंवा पलीकडे थांबला असतास तर मी उठलो असतो. देवाशपथ उठलो असतो.

मला हसू फुटलं. म्हटलं, गडी भांडण विसरलेला नाही. म्हादबाने मान वर केली, “काहून थांबला बे हा?” मी हात वर केला. हा माझा उजवा हात, ज्याने हे लिहितोय. मी हात वर करून म्हणालो, “थांबा रे. त्याचा थांबा हाये. मी मोजून राहिलो.” आणि ते तिघं थांबले. एक तर मी जोशाचा मुलगा, त्यात तुझा जोडीदार. नाचातलं मला कळतं असं त्यांना वाटत होतं. एक जण तर गालातल्या गालात हसत माझ्या बोटांकडे पाहत होता.

पहिलं आवर्तन मी मजेत मोजलं. दुसरं कौतुकाने. तिसऱ्याला म्हादबा अर्धा उठला, “पाहू का, जोशीबुवा?” मी त्याला हाताने खाली बसवलं. चौथ्याला मला वाटलं, हा आता हट्टाला पेटला. पाचव्याला मी तुझ्यावर चिडलो. सहाव्याला मात्र माझी बोटं गार पडली, आणि म्हादबा मला न विचारताच उठून पलीकडे पळाला. त्याची किंकाळी ऐकली तेव्हा मी शहाण्णववर होतो.

ढीग सरकला होता. आवाज न करता. दरड कोसळली तर धडाडते, भिंत पडली तर कळते, रुईचा डोंगर सरकला तर माशीसुद्धा उठत नाही. खड्डा कुठे होता तेही दिसेना. आम्ही हातांनी उपसू लागलो. रुई उपसता येत नाही, ती परत येते. जेवढी काढावी तेवढी बाजूने घरंगळते. किती वेळ गेला ते मी नाही मोजलं. तुला वर काढलं तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. भुवयांत, मिशीत, पापण्यांवर रुई, तोंड पांढरं, जसं काही रंग लावून तू दंडारीला उभा राहणार आहेस. मी तुला हलवून म्हणालो, “पुरे आता.” म्हादबाने छातीला कान लावला आणि कोणाकडेही न पाहता पुटपुटला, “आंग गरम हाये अजून. थोडं आंदी पायतो तं...” माझ्या वर झालेल्या हाताविषयी त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोकांना कारण हवं होतं, त्यांना सोंग सापडलं, आणि मी ते त्यांना सापडू दिलं.

इथवर लिहून मी उठलो आणि तुझ्या घरी गेलो. आता परत येऊन पुढचं लिहितोय.

भागीवैनी दारात बसली होती. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आडवळण घेतलं नाही. माझा हात, माझे शब्द, म्हादबाला दोनदा अडवलं ते, सगळं. म्हणालो, उद्या मंत्र सांगायला मी बसू शकत नाही, दुसऱ्या कुणाला बोलावतो.

ती रडली नाही, शिव्याशापही दिले नाहीत. मी त्याच्यासाठी तयार होतो, जे झालं त्याला नव्हतो. ती म्हणाली, “बसा उद्या. दुसरा कोनी नाई पायजे. पर मंत्राच्या आंदी हे साऱ्याईसमोर सांगा. लोक म्हनून राहिले त्यानं सोंग केलं. माही पोरगी ते आयकून मोठी होईन, भाऊजी.”

मी हो म्हणालो. वळलो. तिने मागून विचारलं, “किती मोजले?”

“सहा आवर्तनं.”

“मले नाई समजत ते. विसानं सांगा.”

“पाच विसाला चार कमी.”

ती म्हणाली, “तो दम धरून उभा राहे, भाऊजी. तुमाले ठाऊक नाई? एक विसा, लय झालं तं दीड. दम सरला का पाय पडे. लगन झालं त्याच वर्साले मी समोर बसून पायलं, त्याची छाती हाले नाई. पाच विसा कोनी दम धरते का? तुमी तं त्याच्या बाजूले नाचत होते.”

घरी येताना मी दम धरून पाहिला. बाविसाव्या पावलाला माझं तोंड आपोआप उघडलं.

एवढंच होतं ते. मी उस्तादांकडे शोधत होतो, आवर्तनात शोधत होतो, तुझ्याशी भांडत होतो, आणि तुझा थांबा एका श्वासाएवढा होता. तुला तरी ठाऊक होतं का रे, की तुलाही लोकांचाच जीव वर येतोय असं वाटायचं? आता कुणाला विचारू? तीन वर्षं मी तुझ्या डाव्या हाताला उभा राहून तुझे पाय पाहिले, हात पाहिले, मान पाहिली. तू श्वास घेत नाहीस हे मला एकदाही दिसलं नाही. ते दिसलं असतं तर त्या दिवशी दुसरं आवर्तन संपायच्या आत मी ढिगावर चढलो असतो.

उद्या नदीवर सगळा गाव असेल, आवारातले लोक असतील, म्हादबा असेल, माझे वडीलही डोलीत बसून येणार म्हणताहेत. पिंड ठेवायच्या आधी मी उभा राहून सांगणार आहे की उकर्ड्याने सोंग केलं नाही. तो थांबला नव्हता. त्याच्याकडे जाणाऱ्यांना मी थांबवलं होतं.